कोइंब्राला जाण्याचा योग्य महिना

पोर्तुगालमधल्या कोइंब्रा ह्या गावाबद्दल आमच्या साडूंइतकी माहिती असलेला दुसरा माणूस दक्षिण गोलार्धात नसेल. उत्तर गोलार्धात असलाच, तर तो कोइंब्रातच राहत असणार, आणि त्यालासुद्धा साडू दोन गोष्टी नव्याने सांगतील. हे गृहस्थ तिथे आजवर एकदाही गेलेले नाहीत. मी गेलो आहे. हे मी मुद्दाम सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण मला ते कधी कुणी विचारत नाही. वेलिंग्टनच्या आमच्या मराठी मंडळात त्या गावाचा विषय निघाला की सगळ्यांच्या माना साडूंकडे वळतात, आणि प्रत्यक्ष जाऊन आलेला मी शेजारच्या खुर्चीत समोशाला चटणी लावत बसतो. मला त्यांचा हेवा वाटतो. आजकालचा नव्हे, चांगला मुरलेला. लोक म्हणतात की हेवा मनात ठेवला की त्रास होतो. मी तो मनात ठेवलेला नाही, बायकोला रोज सांगतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. मूळचे सांगलीचे, पेशाने इस्पितळातले फार्मसिस्ट, अंगाने किरकोळ, आवाजाने मृदू. वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरातल्या टेकडीवर, रस्त्यावरून पायऱ्यांची एक पाऊलवाट चढून गेलं की त्यांचं घर लागतं. मागच्या अंगाने गाडी थेट दारात जाते, पण साडू पायऱ्यांचीच शिफारस करतात. आम्ही त्याच टेकडीच्या पायथ्याशी राहतो, त्यामुळे ह्या नात्यात मान वर करून बघायचं काम कायम माझ्याकडे आलं आहे. गोळ्या कधी घ्यायच्या हे जन्मभर लोकांना सांगितल्यामुळे त्यांचा असा ठाम समज झाला आहे की जगात वाईट असं काही नसतंच, फक्त वेळ चुकलेली असते. "औषध तेच असतं हो," ते म्हणतात, "पण वेळ चुकली की गुण येत नाही." हा नियम ते केळ्यांना लावतात, केस कापण्याला लावतात, पाहुण्यांना लावतात. एकदा पुकेकोहेच्या एका मित्राने त्यांना 'कधीही या' असं आमंत्रण दिलं. 'कधीही' हा शब्द साडूंना सहन होत नाही. त्यांनी तिथल्या शेतांत नवे बटाटे कधी निघतात, कांदा कधी काढतात, पाऊस कधी उघडीप देतो ह्याची सगळी चौकशी केली आणि सव्वा वर्षाने, नव्या बटाट्यांचा नेमका आठवडा साधून, ताईंना घेऊन दिवसभर गाडी चालवत तिथे पोचले. निघण्यापूर्वी मित्राला कळवायचं तेवढं राहिलं होतं. मित्र मधल्या काळात घर बदलून ऑकलंडला माउंट रॉस्किलमध्ये राहायला गेला होता. साडूंना त्याचं काही वाटलं नाही. येताना त्यांनी दोन पोती बटाटे आणले आणि एक आम्हाला दिलं. ते बटाटे अप्रतिम होते, आणि त्याचा मला अजून राग आहे.

कोइंब्रा त्यांच्या आयुष्यात आलं ते दातांच्या डॉक्टरकडे. अकरा वर्षांपूर्वी रूट कनालसाठी नंबर यायची वाट बघत बसलेले असताना एका जुन्या मासिकात त्यांना त्या गावाचं चित्र दिसलं: नदीकाठी टेकडी, टेकडीच्या अंगाखांद्यावर चढत गेलेली पांढरी घरं, आणि माथ्यावर सातशे वर्षांची परंपरा सांगणारं विद्यापीठ. चित्राखाली 'जाण्याचा उत्तम काळ' असा मथळा होता. मथळ्याखालचा कोपरा कुणीतरी फाडून नेला होता. प्रश्न शिल्लक होता, उत्तर गेलेलं होतं. दुसऱ्या कुणी मासिक खाली ठेवून दाताची काळजी केली असती. साडू बधिर झालेला अर्धा जबडा घेऊन घरी आले आणि ताईंना पहिलं वाक्य बोलले ते हे, "अगं, तिथे कधी जायचं असेल?" ताईंना वाटलं, इंजेक्शन डोक्यात गेलं.

त्या दिवसापासून त्यांच्या घरात उत्तराचा शोध सुरू आहे. बैठकीच्या खोलीला लागून एक छोटी खोली आहे, तिच्या भिंतीवर बारा महिन्यांचा एक मोठा तक्ता लावलेला आहे. साडूंचा हात औषधांच्या लेबलांना सरावलेला, त्यामुळे प्रत्येक महिन्यावर त्यांनी तसंच लेबल चिकटवलं आहे. जानेवारीवर लिहिलं आहे, 'ओलसर. नदी फुगते. सांधे धरणाऱ्यांनी टाळावा.' मेवर, 'विद्यार्थी रंगीत फिती जाळून उत्सव करतात. अति गर्दी. सावधगिरीने घ्यावा.' ऑक्टोबरवर, 'नवे विद्यार्थी पत्र्याचे डबे वाजवत मिरवतात. झोप लागणार नाही.' ऑगस्टवर तांबड्या शाईत, 'विद्यार्थी नाहीत. भट्टी. पूर्ण टाळावा.' गेल्या दोन-तीन वर्षांत ह्यातली बरीच लेबलं त्यांनी बदलली. मेच्या लेबलाची एक कड उचकटलेली आहे, तिच्याखालून जुन्या लेबलावरचं 'उत्तम' हा शब्द मला दिसला होता. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरायला लागलं. स्वयंपाकघरात दोन घड्याळं आहेत, त्यातलं एक कोइंब्राच्या वेळेवर चालतं. तिथल्या हवेचा अंदाज साडू रोज सकाळी चहाबरोबर मोठ्याने वाचतात. एकदा 'आज लख्ख ऊन आहे' हे अर्धवट ऐकून ताईंनी जॉन्सनव्हिलमध्ये धुणं वाळत घातलं आणि दक्षिणेच्या वाऱ्याने साडूंचे दोन शर्ट शेजाऱ्याच्या छपरावर नेऊन ठेवले.

हे सगळं चारचौघांसारखं वेड असतं तर मी सोडून दिलं असतं. पण लोक त्यांचं ऐकतात. तासन्‌तास ऐकतात. त्या विद्यापीठातल्या जुन्या ग्रंथालयात वटवाघळं पाळल्यासारखी राहतात, रात्री ती पुस्तकं खाणारे किडे खातात, आणि ती घाण करतील म्हणून रोज संध्याकाळी टेबलांवर चामडी अंथरतात, हे साडू सांगू लागले की आमच्या मंडळातल्या बायका हातातली पोळी खाली ठेवतात. त्या गावातलं एक गाणं फक्त पुरुष म्हणतात, काळे झगे घालून, आणि ते संपल्यावर ऐकणारे टाळ्या वाजवत नाहीत, घसा खाकरतात, हेही आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. त्या प्रथेवर साडूंचा इतका जीव जडला की गणपतीत एका बाईंनी शाळेच्या भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये सुरेख नाट्यपद म्हटलं तेव्हा पहिल्या रांगेतून त्यांनी मनापासून, छातीच्या तळापासून खाकरून दाद दिली. मागच्या दोन रांगा उठून खिडकीकडे गेल्या. एका नर्सबाईंनी पाणी आणलं, आणि एका सद्गृहस्थांनी आयुष्यभर खोकल्याचं औषध विकलेल्या ह्या माणसाच्या हातावर खोकल्याची गोळी ठेवली. साडूंनी ती शांतपणे चघळली आणि मग त्या बाईंना प्रथा समजावून सांगितली. पुढच्या वर्षी त्याच बाईंनी गाणं झाल्यावर स्वतःहून साडूंकडे बघितलं, त्यांनी खाकरलं, आणि अख्ख्या हॉलने त्यांच्यामागून खाकरलं. माझ्या मुलीनेसुद्धा. त्याच कार्यक्रमात मी तबल्याला होतो. मला टाळ्याच मिळाल्या.

कोइंब्रा चढणीचं गाव आहे. खालच्या बाजारातून वर विद्यापीठाकडे जाणारा एक जिना आहे, त्याच्या नावाचं भाषांतर साडूंनी 'कंबरमोड जिना' असं केलं आहे. त्या जिन्याची तयारी म्हणून ते रोज सकाळी घराखालची पायऱ्यांची वाट पाठीवर पाच किलो बासमतीची पिशवी घेऊन चढत. वेलिंग्टनच्या वाऱ्यात हा किरकोळ माणूस तांदूळ घेऊन वरखाली करताना बघून खालच्या डेअरीवाल्याने (इथे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला डेअरी म्हणतात) एकदा काळजीने विचारलं, "यू ऑलराइट, मेट?" साडूंनी इथल्या पद्धतीचा नमस्कार ठोकला, "किया ओरा! पोर्तुगाल!" डेअरीवाला म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे झकास, आणि दूध आत न्यायला लागला. तो सराव सात-आठ वर्षं न चुकता चालला. मग तीन वर्षांपूर्वी अचानक बंद पडला. मी त्यांना चिडवायला सोडलं नाही. "काय साडूभाऊ, तांदूळ संपले का?" असं मी भेटेल तिथे विचारायचो. ते नुसते हसत आणि म्हणत, "थोडा बदल केलाय वेळापत्रकात."

आता माझी बाजू. मी नोकरीने इंजिनिअर आहे, शहराच्या पाण्याच्या पाइपांची कामं बघतो, आणि मिळालेली प्रत्येक रजा मी प्रवासात घालवलेली आहे. मी फिजी बघितलं, जपान बघितलं, तुर्कस्तान बघितलं. प्रत्येक वेळी परत आल्यावर लोकांना जेवायला बोलावलं आणि टीव्हीवर फोटो दाखवले, आणि प्रत्येक वेळी दहाव्या फोटोनंतर कुणाला तरी मुलांची शाळा आठवली. गेल्या वर्षी माझी मुलगी ईरा, वय पंधरा, हिला शाळेत भाषण करायचं होतं, विषय 'एक शहर'. मी तुर्कस्तानचे फोटो काढून बसलो. तिने भाषण केलं कोइंब्रावर. पहिलं बक्षीस मिळालं. मी म्हटलं, "अगं, बाबा इतकं जग फिरलाय, त्यातलं एक गाव नाही का सापडलं?" ईरा म्हणाली, "डॅड, यू जस्ट शो अस व्हेअर यू स्टूड. काका टेल्स अस व्हॉट इट्स लाइक." माझी बायको आतून म्हणाली, "बरोबर बोलतेय ती. भावोजी बोलायला लागले की डोळ्यांसमोर उभं राहतं." मी त्या संध्याकाळी लिस्बनची दोन तिकिटं काढली.

ऑगस्टमध्ये. मला ऑफिसातून ऑगस्टमध्येच रजा मिळत होती आणि इथल्या थंडीतून सुटकाही होणार होती. साडूंना कळलं तेव्हा ते टेकडी उतरून मुद्दाम आमच्या घरी आले. "साडूभाऊ, ऐका," ते म्हणाले, "ऑगस्ट सोडून कधीही जा. विद्यार्थी गेलेले असतात, गाणं बंद असतं, निम्मी दुकानं बंद. गाव तेच, पण गुण येणार नाही." त्यांचा चेहरा खरोखर कळवळलेला होता. मी त्याचा अर्थ असा लावला की ह्यांच्या आधी मी पोचतोय हे ह्यांना बघवत नाही. मत्सरी माणसाला दुसऱ्याच्या डोळ्यांत नेहमी मत्सरच दिसतो, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. मी म्हणालो, "गर्दी नसली की बरं असतं हो. आम्ही काही लेबलं बघून फिरणारी माणसं नाही." ईराला त्यांच्याकडे ठेवून आम्ही निघालो.

कोइंब्रात उतरलो तेव्हा पारा चाळिशीला टेकला होता. दगडी रस्ता बुटांच्या तळव्यातून भाजत होता. काळ्या झग्यातला विद्यार्थी औषधालाही नव्हता. एक झगा दिसला तो भेटवस्तूंच्या दुकानातल्या पुतळ्याच्या अंगावर. साडूंनी सांगितलेल्या गल्लीतली गाण्याची जागा आम्ही शोधून काढली, तर दारावर हाताने लिहिलेला कागद होता की सप्टेंबरात या. मिठाईच्या दुकानाच्या दारावरही तसाच कागद. आणि ह्या सगळ्याहून जिव्हारी लागलं ते बायकोचं पालुपद. ग्रंथालयात वाटाड्या तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "इथे वटवाघळं असतात ना?" तो चामड्यांबद्दल सांगणार तोच हिने ते सांगून टाकलं. तो कौतुकाने म्हणाला, "तुम्ही ह्यापूर्वी येऊन गेला आहात वाटतं?" ही म्हणाली, "नाही, माझे भावोजी." "ते येऊन गेलेत का?" "छे, कधीच नाही!" हे तिने इतक्या अभिमानाने सांगितलं की तो माणूस पुढचा अर्धा तास तिलाच विचारून बोलत होता. कंबरमोड जिना चढताना मी धापा टाकत मध्येच बसलो. शेजारच्या खानावळीचा वेटर पाणी घेऊन आला आणि आपणहून म्हणाला, "मेमध्ये या, नाहीतर ऑक्टोबरात. आत्ता इथे आम्हीसुद्धा नसतो." हे वाक्य बायकोला ऐकू आलं नाही, आणि मी तिला सांगितलं नाही.

परतीच्या विमानात मी ठरवून टाकलं की हरायचं नाही. लिस्बन ते दुबई, दुबई ते ऑकलंड, मी मनातल्या मनात एक भाषण बसवत होतो. ऑगस्ट हाच सर्वोत्तम महिना. गाव आपल्या एकट्याचं. ऊन म्हणजे काय, आपण पाहिलेलं नाही काय? तुम्ही अकरा वर्षं भिंतीला लेबलं लावत बसलात साडूभाऊ, मी आठवड्यात जाऊन आलो. शेवटचं वाक्य मला विशेष आवडलं होतं. पुढच्याच शनिवारी ताईंनी दुपारी जेवायला बोलावलं. मंडळातली आणखी दोन कुटुंबं होती. साडूंनी मला दारातच धरलं, "आधी जेवा, मग सगळं सांगा, अगदी पहिल्यापासून," असं म्हणून मोठ्या खुर्चीत बसवलं. ती खुर्ची एरवी त्यांची असते. मला वाटलं, आता कुठे माझा दिवस उजाडला.

जेवणाआधी मी पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेलो. ताई एकट्याच होत्या, लोणच्याच्या बरणीचं झाकण दोन्ही तळव्यांत धरून उघडायची खटपट करत होत्या. बोटं वळत नव्हती. त्यांना थोडाफार संधिवात आहे हे आम्हाला ठाऊक होतं, त्या स्वतःच 'गुडघे कुरकुरतात मेले' म्हणून हसायच्या. पण ती बोटं मी इतकी जवळून पाहिली नव्हती. मी झाकण उघडून दिलं आणि माझ्या नादातच म्हणालो, "ताई, आज साडूभाऊंना सांगणार आहे मी. ऑगस्टसारखा महिना नाही. अकरा वर्षं उगाच घालवली त्यांनी."

ताईंनी बरणी खाली ठेवली. "असं नका सांगू," त्या म्हणाल्या. मला वाटलं, गंमत करतायत. पण त्या दाराकडे बघून हळू बोलत होत्या. "तीन वर्षांपूर्वी आमची तिकिटं काढून झाली होती. मे महिन्याची. कुणाला बोललो नव्हतो, तिथून तुम्हाला फोन करायचा होता. हे म्हणाले, चल, तूही थोडा सराव कर. आम्ही खालच्या पायऱ्यांवर गेलो. चौथ्या पायरीवर मी बसले. मी हसून म्हटलं, जँडलचा पट्टा टोचतोय. हेही शेजारी बसले. संध्याकाळी म्हणाले, अगं, मेमध्ये भलतीच गर्दी असते, मी नीट विचारच केला नव्हता. तिकिटं रद्द केली. तेव्हापासून प्रत्येक महिन्यात काहीतरी खोट निघतेच."

मी विचारलं, "मग तुम्ही त्यांना..."

"मला कळलंय, हे त्यांना कळू द्यायचं नाही ना," ताई म्हणाल्या. "म्हणून मीही दर वर्षी विचारते, मग यंदा कधी जायचं? एकदा म्हटलं, तुम्ही एकटे जाऊन या. तर म्हणाले, एकट्याने जायचा सीझनच नसतो तिथे." त्यांनी वाटी पुढे ओढली. "लोक हसतात त्यांना. अकरा वर्षं महिना ठरेना म्हणून. हसू देतात ते. माझं नाव कुठे येत नाही त्यात. आता तुम्ही बाहेर जाऊन सांगितलंत, की रिकामं गाव, सावकाश फिरलो, काही त्रास नाही, तर मग ते लोकांना काय सांगतील?" एवढं बोलून त्यांनी लोणचं वाटीत काढलं आणि वाटी माझ्या हातात दिली. मी ती घेऊन बाहेर आलो.

जेवताना ताकाचा पेला मी दोनदा रिकामाच तोंडाला लावला. शेवटी साडू म्हणालेच, "हं, साडूभाऊ. आता सांगा. ऑगस्ट कसा होता?" सगळे माझ्याकडे वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळे माझ्याकडे वळले होते, आणि विमानात बसवलेलं अख्खं भाषण मला तोंडपाठ होतं. मी म्हणालो, "ऑगस्टइतका भिकार महिना नाही." आणि मग मी सगळं खरं सांगितलं. बुटाचे तळवे सांगितले, दारांवरचे कागद सांगितले, पुतळ्याच्या अंगावरचा झगा सांगितला, मी जिन्यात बसकण मारली ते सांगितलं, वेटर काय म्हणाला तेही सांगितलं. बायको म्हणाली, "हे मला नाही बोललात ते!" लोक पोट धरून हसले. माझ्या कुठल्याही प्रवासावर लोक इतका वेळ बसले नव्हते. ईरा म्हणाली, "डॅड, दॅट वॉज ॲक्चुअली गुड." मी हात जोडून म्हणालो, "साडूभाऊंनी बजावलं होतं, मी ऐकलं नाही. त्यांचं लेबल बरोबर आहे. घाई करण्यात अर्थ नाही." ताई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली.

हसणं ओसरल्यावर लोक अंगणात गेले आणि साडू मला त्या छोट्या खोलीत घेऊन गेले. मला वाटलं, तांबड्या लेबलाचा विजय दाखवणार, आणि तो त्यांचा हक्कच होता. पण त्यांनी तक्त्याकडे पाहिलंही नाही. दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "एक विचारायचं होतं. त्या जिन्याच्या मधोमध लोखंडी कठडा आहे, फोटोत दिसतो. तो हाताला कसा लागतो हो? जाड आहे का? म्हणजे, समजा बोटं पुरती मिटत नसली, तर पकड बसेल?"

मी म्हणालो, "बसेल." मग मला नीट आठवेना. मी तो कठडा धरला होता, पण तो कसा आहे हे बघितलं नव्हतं. "बहुतेक बसेल," मी म्हणालो.

"आणि थांबायला सपाट जागा किती पायऱ्यांनी येते?"

"मोजल्या नाहीत मी."

"हरकत नाही, हरकत नाही," ते घाईने म्हणाले, जणू माझीच समजूत घालत होते. "तुमच्याकडे फोटो असतील ना?"

फोटो होते. त्या एका जिन्याचे एकवीस फोटो होते. मी फोन काढून दाखवायला लागलो, आणि प्रत्येक फोटोत जिन्याच्या मधोमध मी उभा होतो, कमरेवर हात ठेवून, पायऱ्या सगळ्या माझ्या मागे. एक फोटो सरकवला, दुसरा सरकवला, सगळीकडे मीच. साडूंनी चष्मा कपाळावर चढवला, फोन माझ्या हातातच राहू देऊन चित्र बोटांनी मोठं केलं, आणि माझ्या पायांच्या दोन्ही बाजूंना दिसत होत्या तेवढ्या पायऱ्या ते ओठ हलवत एकेक करून मोजू लागले. मी फोन न हलवता धरून उभा राहिलो. इतका हेवा मला आयुष्यात कधी कुणाचा वाटला नव्हता.